आधी फांदी, मग जपान

हॅम रेडिओच्या परीक्षेत आयनोस्फिअर विचारतात, झाड विचारत नाहीत.

एफ थर किती उंचीवर असतो, ओहमचा नियम काय सांगतो, कपॅसिटर कुणाला अडवतो आणि कुणाला सोडतो, हे सगळं घोकून मी पास झाले आणि व्हीयू थ्रीनं सुरू होणारं कॉलसाइन घेऊन बसले. हा आपल्याकडचा मर्यादित श्रेणीचा परवाना. याला मोर्सची परीक्षा नसते. व्हीयू टूवाल्यांना असते, आणि आपण ती दिलेली आहे हे ते स्वतः विसरत नाहीत, दुसऱ्यालाही विसरू देत नाहीत. पण 'चिंचेची फांदी चाळीस फुटांवर आहे, उमेदवाराच्या हातात दोरी बांधलेली पाण्याची बाटली आहे, वारा पश्चिमेचा आहे आणि बरोबर फांदीखाली एक गृहस्थ "काय चाललंय?" असं विचारत उभे आहेत, तर उमेदवाराने प्रथम काय करावे?' हा प्रश्न कुठल्याही प्रश्नपत्रिकेत नव्हता. अख्खा छंद या एका प्रश्नात आहे.

ज्यांना हॅम ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या रेडिओवरून जगातल्या कुठल्याही अनोळखी हॅमशी बोलायचं. मधे कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. तुमची तार, त्याची तार आणि वर दोन-तीनशे किलोमीटरवर सूर्यानं विद्युतभारित करून ठेवलेला एक थर, जो आपल्या लहरी खाली परत पाठवतो. पैसे सगळे रेडिओवर खर्च होतात, काम तार करते. रेडिओ लाखाचा असो की हजारांतला, तार खाली लोळत असेल तर दोघंही सारखेच मुके.

तारेचं गणित अगदी सोपं. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं भागायचं, लांबी मीटरमध्ये मिळते. आम्हा सगळ्यांचा लाडका बँड चाळीस मीटरचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या वरचा. ७.१ नं भागलं की वीस मीटर आणि वर सात-आठ बोटं. ती तार मधोमध कापायची, दहा-दहा मीटरचे दोन हात करायचे, मधे केबल जोडायची. झाला डायपोल. हाइनरिख हर्ट्झनं १८८० च्या दशकात प्रयोगशाळेत वापरला तो हाच. त्याच्या टोकांना धातूचे गोळे होते, माझ्या टोकांना नवऱ्याच्या शर्टाची बटणं आहेत. इन्सुलेटर म्हणून ती उत्तम चालतात.

आता वीस मीटर म्हणजे पासष्ट फूट, आणि सांगलीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाकडं सलग पासष्ट फूट मोकळे असतील तर तो फ्लॅटमध्ये कशाला राहील? गच्ची आहे. गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत, सोलर आहे आणि चेअरमनसाहेब आहेत. तारेमुळं इमारतीवर वीज पडेल असं त्यांचं ठाम मत आहे. शेजारच्या इमारतीवर मोबाइलचा लोखंडी टॉवर उभा आहे, त्यावर वीज का पडत नाही, असं मी एकदा विचारलं. "त्याचं भाडं येतं," ते म्हणाले. विषय संपला. शिवाय परवानगी मिळून फायदा काय? इमारतीतले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर सगळे मिळून रेडिओवर इतकी खरखर ओततात, की त्यात जपान तर सोडाच, मिरजसुद्धा ऐकू येत नाही.

म्हणून पिशवी. रविवार आला की पिशवी स्कूटरच्या पुढ्यात ठेवायची, नवऱ्याला मागं बसवायचं आणि तासगावच्या बाजूला मावशीच्या शेतावर जायचं. पिशवीत घरच्या वायरिंगची पातळ तार, दोन रंगांची, म्हणजे कुठला हात कुठल्या दिशेला गेला ते लांबून ओळखू येतं (याचा उपयोग काहीच नाही, पण बरं वाटतं). मधला जोड स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डाच्या तुकड्याचा. त्याला भोकं पाडून तार अशी ओवायची की ओढ सगळी भोकांवर यावी, डाख दिलेल्या जागेवर नाही. उरलेल्या बोर्डाच्या तार गुंडाळायच्या दोन पट्ट्या केल्या. सासूबाई तो बोर्ड अजून शोधतायत. बाकी पंधरा मीटर केबल, बारा व्होल्टची बॅटरी, तंगूसाचं रीळ, नायलॉनची दोरी, खुंट्या. रेडिओ म्हणाल तर हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आराखडा केलेला आणि जगभरच्या हॅम मंडळींनी आपापल्या टेबलावर जुळवलेला मायक्रोबिटएक्स. जास्तीत जास्त दहा वॅट, वरच्या बँडांवर त्याहून कमी. आणि केबल गुंडाळायला नवरा, जो ती कोपर आणि अंगठ्यात पिळून गुंडाळतो. कितीही सांगितलं तरी. यावर मी आता बोलत नाही, संसार टिकवायचा आहे.

या छंदानं माझी झाडांकडं बघण्याची नजर पार बिघडवून टाकली. मला सावली दिसत नाही, पानगळ दिसत नाही, फुलं दिसत नाहीत. फांदी कुठं फुटते, बेचकं केवढं आहे, खाली दोरी सरळ येईल का, एवढंच दिसतं. लग्नाच्या मांडवात बसलेली असताना मी कार्यालयाच्या आवारातल्या झाडाचा अंदाज घेत असते. या धोरणानं बघितलं तर चिंचेला तोड नाही. फांदी चिवट, फेकलेल्या वजनाचा धक्का सोसणारी, पान बारीक, त्यामुळं तंगूस घरंगळत खाली येतो. लिंबाची बेचकी देखणी असतात, पण दोरी त्यात जाऊन बसली की उतरायचं नाव घेत नाही. नीलगिरी साठ फूट सरळ वाढते आणि पहिली फांदी पन्नासाव्या फुटावर काढते, हा शुद्ध खवचटपणा आहे. शेवग्याचं नाव काढू नका, शेंगेचं वजन त्याला जेमतेम पेलतं. बाभळीवर तार चढते झकास, पण उतरवणाऱ्याच्या हाताची चाळण होते. आंब्याबद्दल मावशीचा लेखी नाही पण पक्का नियम आहे: मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत त्या झाडाच्या दिशेनं हातसुद्धा उचलायचा नाही. पिंपळावर चढाई गावच करू देत नाही. आणि वड? वडाला दिलेली दोरी दान समजावी. पारंब्यांतून ती अशी काही फिरते की ओढून निघत नाही, सैल सोडून निघत नाही. आपल्याकडं वडाला सूत गुंडाळायची परंपराच आहे म्हणा. माझं तंगूसाचं अर्धं रीळ तिथं सात जन्मांसाठी जमा आहे.

झाडाच्याही आधी एक गोष्ट बघायची असते, आणि हे मी हसत सांगत नाही: विजेची लाइन कुठून गेली आहे. शेतातून अकरा केव्हीच्या तारा कुठं कशा लोंबत असतील याचा नेम नसतो. आपली तार किंवा दोरी तुटून उडाली तरी तिथवर पोचणार नाही एवढं अंतर असेल तरच पिशवी उघडायची. नसेल तर झाड कितीही गोड असो, पुढं चालायला लागायचं.

मग फेक. पाण्याची बाटली अर्धी का भरायची, याला कारण आहे. रिकामी बाटली वर पानांतच अडकते, वजन नसल्यानं खाली यायला मागत नाही. गच्च भरलेली फांदीवरून येते ती थेट प्रेक्षकांत. अर्धी बरी, पण अर्धीच्या आत पाणी हिंदकळतं आणि ऐन वेळी तिची दिशा ती ठरवते. शिशाची गोळी लावली तर नेम चांगला लागतो, पण ती फांदीभोवती दोन-तीन फेऱ्या मारून स्वतःला गाठ घालून घेते. आमच्या गटात एक निवृत्त काका आहेत, ते गलोल वापरतात. अमेरिकेत म्हणे झाडं छाटणाऱ्यांची वजनाची खास पिशवी मिळते. या सगळ्या विद्या मी करून बघितल्या, आणि मावशीच्या बागेत राखणीला असलेले आजोबा बांधावर बसून तंबाखू मळत त्या बघत होते.

शेवटी त्यांनाच बघवेना. ते उठले, कमरेची गोफण सोडली. ज्वारी हुरड्यावर आली की पाखरं हाकायला वापरतात तीच, दोन दोऱ्या आणि मधे विणलेली पट्टी. माझी ओढणी मागून घेतली, जमिनीवर पसरली, तिच्यावर तंगूसाची सैल वेटोळी स्वतः मांडली. दगड फडक्यात बांधला, फडक्याला तंगूस. गोफण डोक्याभोवती गरगर फिरवली नाही, तंगूस गळ्यात आला असता. खालून वर, एकच घेरा. फट् असा आवाज झाला. दगड चिंचेच्या शेंड्याखालच्या फांदीवरून पलीकडं उतरला आणि हरभऱ्यात पडला. "कुठली फांदी पायजे हुती?" त्यांनी नंतर विचारलं. हीच, असं मी सांगितलं. खरं तर मला हिच्या खालची हवी होती. ही हवी असायला हिंमत लागते.

तंगूसाला दोरी बांधायची, दोरी ओढून घ्यायची, दोरीला चॉपिंग बोर्डाचा तुकडा बांधायचा, तो वर चढवायचा. तारेचे दोन्ही हात खाली तिरके सोडून खुंट्यांना बांधायचे, उलटा व्ही. हे सगळं होईपर्यंत दहा वाजतात आणि प्रेक्षक येतात.

रेडिओचा शोध ज्याच्या नावावर आहे, त्यालाही तार वर चढवायची ही झटापट चुकली नव्हती. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर गेला तेव्हा त्याच्याजवळ फुगे होते आणि पतंग होते. अटलांटिकपलीकडून, इंग्लंडच्या पोल्डूहून सोडलेला संदेश पकडायचा तर तार दीडशे मीटर उंच न्यायला हवी, आणि तेवढं उंच झाड जगात नाही. वाऱ्यानं फुगा नेला. पतंगांचीही तीच गत व्हायला लागली. अखेर १२ तारखेला एका पतंगानं तार धरून ठेवली आणि मार्कोनीला इअरफोनमध्ये तीन टिंबं ऐकू आली, मोर्समधला 'एस'. ती खरंच आली होती की वादळी हवेची खरखर होती, यावर जाणकार अजून भांडतात. माझं लक्ष वेगळीकडं जातं. मार्कोनीला पुढं १९०९ साली नोबेल मिळालं, ब्राउनबरोबर वाटून. त्याच्याबरोबर न्यूफाउंडलंडला केम्प आणि पॅजेट नावाचे दोन मदतनीस गेले होते, हे किती जणांना माहीत असतं? त्या थंडीत, त्या वाऱ्यात पतंगाशी झटापट झाली ती काही एकट्यानं झाली नसणार. दोरी धरणाऱ्याचं नाव लॉगबुकात येत नाही, ही प्रथा तेव्हापासूनची दिसते. मी माझ्या लॉगात शेऱ्यांच्या रकान्यात 'गोफण: आजोबा' असं लिहिते.

तर, प्रेक्षक. शेतात तार ताणणारी बाई दिसली की तिचा एकच अर्थ निघतो: लाइटवाले आले. पहिला माणूस वसुलीच्या भीतीनं लांबूनच विचारतो, "थकबाकीचं हाय का?" नाही म्हटलं की तो जवळ येतो. दुसरा येतो तो सरळ तक्रार घेऊन. "मॅडम, डीपी जळून आठ दिस झालं." मी लाइटची नाही हे पटवायला फार वेळ लागतो, आणि पटलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरते तिनं मलाच अपराधी वाटतं. मग मूळ प्रश्न: "करंट हाय का त्यात?" याचं खरं उत्तर 'आहे, पण' असं आहे. बोलताना तारेच्या टोकांना व्होल्टेज चढतं, कमी वॅटलाही तिथं बोट लावू नये, चटका बसतो. त्यामुळं टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत अशी उंच ठेवावी लागतात. पण हे सविस्तर सांगितलं की माणसं दहा पावलं मागं सरकतात, आणि नाही सांगितलं तर पोरं हात लावायला येतात. मी आता नुसतं "आहे" म्हणते.

यात एक गोष्ट मी तिथं कधीच बोलून दाखवत नाही. दुपारी लोडशेडिंग सुरू होतं. विहिरीवरच्या मोटारी थांबतात, चाऱ्यांमधलं पाणी मंदावतं, रानभर माणसं एकमेकांना हाका मारून लाइटच्या नावानं बोटं मोडतात. आणि माझ्या रेडिओत, मघापर्यंत घोंघावणारा आवाज एकाएकी बसतो. मीटरवरची सुई सातावरून एकावर येते. एकेक अंक सहा डेसिबलचा, म्हणजे विचार करा. त्या शांततेत बारीक बारीक आवाज वर येतात: कुणी इंडोनेशियाचा, कुणी रशियाचा. आजूबाजूला सगळे हळहळत असताना आपला चेहरा पडेल ठेवणं हे या छंदातलं सर्वांत अवघड कसब आहे. मी हेडफोन लावून खाली मान घालते.

तार वर गेली म्हणजे झालं असंही नाही. एसडब्ल्यूआर बघावा लागतो, म्हणजे आपण पाठवलेल्यातलं किती तारेतून जातं आणि किती माघारी येतं त्याचा हिशेब. एकास एक म्हणजे सगळं गेलं, एकास तीन म्हणजे रेडिओनं तोंड फिरवायची वेळ. खिशात मावणारं एक यंत्र हल्ली मिळतं, ते आलेख काढून दाखवतं की तुमची तार कुठल्या फ्रिक्वेन्सीला राजी आहे. सूत्राप्रमाणं मोजून कापलेली तार कधीच ७.१ ला राजी नसते. प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली तार विजेच्या दृष्टीनं मापाहून लांब भरते, जमीन ओली असेल तर आणखी वेगळं, आणि तासगावात भरीला द्राक्षबागेच्या मांडवाच्या लोखंडी तारा असतात, मैलच्या मैल. मग आलेख ६.९ वर खड्डा दाखवतो. अशा वेळी तार कापायची नाही, टोकाशी दीड वीत मागं दुमडून स्वतःभोवती पिळायची. दोन्हीकडं सारखी. (त्या मांडवाच्या तारांनाच एकदा रेडिओ जोडून बघावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. बागेच्या काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, अजून सांगितलेली नाही.)

असं एकदा सगळं जुळून आलं होतं, खड्डा बरोबर ७.१ वर. मी केबल यंत्रातून काढून रेडिओला लावणार, तेवढ्यात खड्डा सरकायला लागला. ७.०५. ६.९५. परत ७.१. यंत्र बिघडलं म्हणावं तर केबल ठीक, जोड ठीक. वर बघितलं, चिंच जागेवर. मग पूर्वेच्या टोकाकडं बघितलं. मावशीच्या शेळीनं खुंटीची दोरी तोंडात धरली होती आणि शांतपणे चघळत होती. ती मान खाली घाली तेव्हा तारेचं टोक जमिनीकडं येई, मान वर केली की तार वर जाई. ट्युनिंग तिच्या हातात होतं. तोंडात होतं. मी हाड् म्हटलं, तिनं ऐकलं नाही, नवऱ्यानं कडब्याची पेंढी दाखवली तेव्हा तिनं बँड सोडला.

आमच्या हॅम मंडळींत तारेवरून पंथ आहेत. डायपोलवाले सनातनी: दोन हात, मधे केबल, बाकी सगळं पाखंड. टोकातून वीज देणारे सुधारक, त्यांना एकच झाड पुरतं, केबल झाडावर चढवावी लागत नाही, पण फेराइटच्या कड्यावर तारेचे वेढे घालून एकास एकोणपन्नासचा ट्रान्सफॉर्मर करावा लागतो. डायपोलवाल्यांच्या मते यांची निम्मी ताकद ते कडं तापवण्यात जाते. काही जण जी-फाइव्ह-आर-व्ही या नावाच्या अँटेनाचे उपासक आहेत. लुई वार्नी या इंग्रज हॅमनं १९४६ मध्ये ती केली आणि आपलं कॉलसाइनच तिला देऊन टाकलं. ती सगळ्या बँडांवर चालते असं तिचे भक्त म्हणतात. ती सगळ्या बँडांवर सारखीच वाईट चालते असं बाकीचे म्हणतात. निवृत्त काकांचा पक्ष असा, की तार कुठलीही असो, उंच हवी. हे मला मान्य नाही. चाळीस मीटरवर पुण्या-सोलापूरशी बोलायचं असेल तर तार पाच-सहा मीटरवर असलेली बरी. लहरी सरळ डोक्यावर जातात आणि तीन-चारशे किलोमीटरच्या आत पावसासारख्या खाली येतात. उंच नेलीत तर शेजारचा जिल्हा हुकतो आणि भलताच कुणी ऐकतो. काकांना हे पटत नाही. ते चाळीस फुटांवरून पुण्याला हाका मारत बसतात आणि पुण्याचे लोक गर्विष्ठ झालेत म्हणतात.

"मोबाइल असताना हे कशाला?" हा प्रश्न प्रत्येक झाडाखाली विचारला जातो. मी अंदमानची गोष्ट सांगते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला रेडिओ लावून बसले होते, कारण अंदमानातून हॅम प्रसारणाची परवानगी कैक वर्षांनी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्या दुर्मिळ ठिकाणाशी एकदा तरी बोलायला मिळावं म्हणून टपले होते. २६ तारखेच्या सकाळी त्सुनामी आली. फोन बंद पडले. हौसेनं लावलेल्या त्याच तारांवरून मग बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीला जायला लागले. हे ऐकून झाडाखालची मंडळी क्षणभर गप्प होतात. मग कुणीतरी आभाळाकडं बघतं, विहिरीकडं बघतं आणि विचारतं, "मग आत्ता काय झालंय?"

तिन्हीसांजेचा प्रश्न वेगळाच. चाळीस मीटरचा बँड दिवसा गावठी असतो, अंधार पडायला लागला की दूरदेशी होतो. म्हणजे परदेशाची खरी वेळ आणि चिंचेवरची मंडळी खाली उतरायची वेळ एकच. अशा वेळी केस मोकळे सोडलेली बाई (रबर बँड बॅटरीच्या तारांना लावलेला असतो) चिंचेखाली बसून कुणी समोर नसताना त्याच त्या अगम्य शब्दांत परत परत हाका मारते आहे, हे दृश्य रस्त्यावरून घरी जाणाऱ्याला कसं दिसत असेल? एकानं सायकल वळवून लांबचा रस्ता धरलेला मी बघितलाय. मावशी तेव्हापासून मला दिवे लागायच्या आत तार उतरवायला लावते. माझ्या अब्रूसाठी नव्हे, चिंचेची चिंच पुढं कुणी विकत घेणार नाही म्हणून.

म्हणून जपान दिवसा गाठावं लागतं. आणि इथं गणित आपल्या बाजूनं उभं राहतं. सात मेगाहर्ट्झसाठी कापलेली तार तिप्पट फ्रिक्वेन्सीलाही, म्हणजे २१ मेगाहर्ट्झच्या बँडलाही बऱ्यापैकी राजी होते. एकावर एक फुकट. त्या लहरीला आजोबांची ती शेंड्याजवळची फांदी भरपूर उंच, आणि सूर्यावर डाग भरपूर असले, जसे अलीकडं होते, की सकाळच्या उन्हात पूर्वेकडचा रस्ता खुला होतो.

तसा तो एका सकाळी झाला. मावशीकडचे काका मांडवाखालून फवारणी आटोपून आले होते, आजोबा होते, डीपीवाले होते, पोरं होती. मी हेडफोन काढून आवाज स्पीकरवर सोडला होता. कॉलसाइन जेएनं सुरू होणारं, म्हणजे जपान. सगळे पुढं सरकले.

"किती वॅट?" काकांनी विचारलं.

"पाच-सहा."

"साडेसात एचपीची मोटर चालू केली तर वरच्या रानात पाणी चढत नाही," काका म्हणाले, "आणि पाच वॅटात जपान?" साडेसात एचपी म्हणजे साडेपाच हजार वॅट. हजारपट. काकांचा मुद्दा बिनतोड होता.

मी माझं कॉलसाइन सांगितलं, व्हिक्टर युनिफॉर्म थ्री करत. पलीकडून ते बरोबर परत आलं. त्यानं मला फाइव्ह सेव्हन दिले, मी त्याला फाइव्ह नाइन दिले. त्यानं नाव सांगितलं, मी नाव सांगितलं. त्यानं थँक यू म्हटलं, सेव्हंटी थ्री म्हटलं, म्हणजे आमच्यात रामराम. अर्ध्या मिनिटात तो दुसऱ्याशी बोलायला निघून गेला, कारण त्याच्यासाठी रांग लागलेली होती. चिंचेखाली शांतता पसरली. सकाळपासूनची ती फेकाफेकी, तंगूस, शेळी, आणि एवढंच?

"काय म्हणाला?" मावशीनं विचारलं.

"मी त्याला ऐकू येते असं म्हणाला."

"आणि तू?"

"तो मला ऐकू येतो असं म्हणाले."

काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, बेदाण्याचा भाव तरी विचारायचास!"

हौशी रेडिओवर धंद्याचं बोलणं नियमानं मना आहे, हे मी समजावून सांगितलं. भाव नाही, ऑर्डर नाही, पैशाचा व्यवहार नाही. काकांना ते पटलं नाही, पण नियम म्हटल्यावर ते थांबले. मग म्हणाले, "शाइन मस्कट जपानचंच वाण. ते कसं वाढवतात, एवढं विचारायला चालतंय का?" चालतं, मी म्हटलं. तंत्रज्ञानात बसवता येईल. तेव्हापासून मी गेले की काका एक चिठ्ठी देतात. घडाला किती पानं ठेवता, भुरी आली तर काय फवारता, पाऊस किती. शेवटी हळूच 'मजुरी काय पडते' असं असतं, ते मी पेन्सिलीनं खोडते. इतके प्रश्न ऐकून घेईल असा निवांत जपानी काही मला अजून भेटलेला नाही, पण चिठ्ठी पिशवीतच असते, चॉपिंग बोर्डाच्या पट्टीला लावलेली.

आजोबांनीही त्यांचा दर ठरवून दिला आहे. फांदी मिळाली तर चहा, जपान मिळालं तर भजी. हा व्यवहार रेडिओवर झालेला नसल्यामुळं नियमात बसतो.